आपण म्हणजे कोण कोण

अबोलीचं नाव तिच्या बाबाने ठेवलं तेव्हा ती बारा दिवसांची होती आणि खरोखरच काही बोलत नव्हती. आता ती नऊ वर्षांची आहे आणि दात घासतानासुद्धा बोलते. कोणी नाव विचारलं की सांगते, आणि विचारणारा हसला की तिला राग येतो. त्यात हसण्यासारखं काय आहे हे तिला कोणी अजून नीट समजावलेलं नाही, कारण समजावायला मध्ये बोलायला मिळायला हवं.

त्या शनिवारी तिच्या डायरीत मराठीच्या टीचरांनी चिकटवलेली चिठ्ठी होती. 'वर्गातली बहुतेक मुलं आम्ही आणि आपण यांत गोंधळ करतात. सोमवारी चाचणी आहे. कृपया घरी सराव घ्यावा.' इंग्रजी माध्यमाची शाळा. इंग्रजीत एकच 'वुई', हिंदीत एकच 'हम', मराठीने काय ते दोन करून ठेवलेत. मग मुलं म्हणतात, "टीचर, आम्ही खेळायला जाऊया?" आणि बिचाऱ्या टीचरना कळत नाही की आपणही मैदानात उतरायचं की काय.

अनुपमाने चिठ्ठी वाचली आणि तिला बरं वाटलं. गणित म्हटलं की ती मुलीला पुढे ढकलायची, पण हे तिच्या खात्यातलं होतं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छापखान्यात औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासणं ही तिची नोकरी. चमच्याऐवजी चमचे छापलं गेलं तर सगळा माल रद्द. चौदा वर्षं ती एकेक अक्षर बघत आली होती. सकाळी साडेसातला चारकोपहून निघायचं, रिक्षा, मेट्रो, दुसरी मेट्रो, आणि संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने. नवरा, सुशांत, गेल्या वर्षापासून सुरतच्या साइटवर. महिन्यातून दोनदा यायचा, आणि हा काही त्याचा शनिवार नव्हता.

मधल्या वेळात अबोली समोरच्या दारात असायची, उत्तरामावशींकडे. रक्ताचं नातं काही नाही. पाच वर्षांपूर्वी पाळणाघराला कुलूप लागलं तेव्हा मावशी जिन्यात अनुपमाला म्हणाल्या होत्या, "एवढंसं पोर, आमच्यात राहू दे की." मावशी आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळी इमारत भाऊ म्हणते, मूळचे कुडाळकडचे. गिरणी बंद पडल्यावर भाऊंनी पडेल ते काम करून दोन मुलं मोठी केली. मुलं बाहेरगावी गेली, आणि घर रिकामं झालं ते अबोलीने भरलं. मावशी पैसे घेत नसत. अनुपमा दिवाळीला साडी न्यायची, आणि मावशी ती नेसून तिला दाखवायच्या.

तर शनिवारी संध्याकाळी कुकर लावून अनुपमा मुलीला घेऊन बसली. कागदावर एक मोठा गोल काढला.

"हे बघ. तू ज्याच्याशी बोलतेयस, तो या गोलाच्या आत असेल तर आपण. तो बाहेर असेल तर आम्ही. कळलं?"

"मला येतं ते," अबोली म्हणाली. "शनायाला येत नाही. ती मला म्हणते, आम्ही डबा खाऊया का. मी म्हटलं, खा."

"मग दे उदाहरण. आम्हीचं."

अबोलीला विचार करावा लागला नाही. "आम्ही रविवारी गोराईला जातो. आम्ही बोटीत उजव्या बाजूला बसतो, कारण तिकडे ऊन येत नाही. आम्ही परत येताना बोंबील घेतो. आम्ही आमटीत चिंच नाही घालत, आम्ही कोकम घालतो. आम्ही जेवलो की आम्ही पत्ते..."

"पुरे पुरे. आम्ही म्हणजे कोण?"

"मावशी, भाऊ आणि मी. तू बाहेर आहेस ना, म्हणून आम्ही." तिने बोटाने गोलाच्या बाहेर कागदावर टिचकी मारली. "बरोबर?"

बरोबर होतं. पैकीच्या पैकी. अनुपमाने पेनने बरोबरची खूण केली.

"आता आपणचं दे."

अबोलीने पेन्सिल तोंडात घातली. ही मुलगी गप्प बसली की घरात काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतं. अनुपमा वाट बघत राहिली. कुकरची एक शिट्टी झाली.

"आपण लिफ्टने खाली जातो," अबोली म्हणाली.

"छान. अजून?"

"आपण दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो."

"अजून एक."

दुसरी शिट्टी झाली. मग अबोलीचा चेहरा उजळला, उत्तर सापडलं की उजळतो तसा. "आपण उशीर झाला म्हणून धावतो!"

तीन वाक्यं. तिन्ही शुद्ध. अनुपमाने तिन्हींसमोर खूण केली आणि गॅस बंद करायला उठली. ओट्याशी उभी राहून तिने उगाचच पुसलेला ओटा पुन्हा पुसला. तिला रडू येत होतं, आणि मुलीचं काही चुकलं नव्हतं ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती. चूक असती तर तिने ती काढली असती. तेच तर काम होतं तिचं.

रविवारची गोष्टही अशीच होती. रविवारी मावशीच अबोलीला घेऊन जायच्या, अनुपमावर उपकार म्हणून. "तू जरा पड गो. आठवडाभर नुसती पळतंस." अनुपमा पडायची नाही. मशीन लावायची, इडलीचं वाटायची, आठवड्याच्या भाज्या निवडून डब्यात भरायची, आणि मुलीसाठी हे सगळं चाललंय असं स्वतःला सांगायची. खोटं नव्हतं ते. पण डब्यातल्या भाजीवर कोणी वाक्य करत नाही.

जेवणानंतर ती समोरच्या दारात गेली. "मावशी, उद्या अबोलीला मी नेते."

मावशींनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ने गो, ने. बरा झाला." आणि लगेच सूचना सुरू झाल्या. बोटीत टोपी घाल. वडा घेतलास तर चटणी वेगळी घे, तिखट लागतं तिला. कुत्रं दिसलं की हात धर, बोलून दाखवत नाही पण घाबरते. अनुपमा मान डोलावत राहिली. कुत्र्याचं तिला माहीत नव्हतं.

घरी अबोलीला सांगितलं. "उद्या आपण जायचं."

"मावशी-भाऊ?"

"ते नाहीत. आपण दोघीच."

"का? मावशींना बरं नाही?"

"बरं आहे. मला जायचंय तुझ्याबरोबर."

"बरं," अबोली म्हणाली, आणि दात घासायला गेली.

अनुपमाच्या मनात मॉल होता. थंडगार हवा, तिथली ती मऊ उड्या मारायची जागा, पिझ्झा. पण सकाळी कुठे जायचं विचारल्यावर अबोली म्हणाली, "गोराई. रविवार आहे ना." हा काय प्रश्न झाला, असा तिचा सूर.

रिक्षात बसल्यापासून अनुपमा पाहुणी झाली. "काका, सिग्नलवरून नको, मार्केटच्या मागून घ्या," अबोलीने रिक्षावाल्याला सांगितलं आणि त्याने निमूट ऐकलं. धक्क्यावर तिकीटवाला हसून म्हणाला, "काय अबोली, आज भाऊ कुठे?"

"आज आईला आणलंय," अबोली म्हणाली.

तिकीटवाल्याने अनुपमाकडे बघून मान हलवली, घरी नव्याने आलेल्या माणसाकडे बघून हलवतात तशी. अनुपमाही हसली. दुसरं काय करणार?

बोटीत स्कूटर चढवल्या, टोपल्या चढल्या, माणसं चढली. "आम्ही इथे बसतो," म्हणत अबोलीने उजवीकडची जागा धरली. बोट सुटली. पलीकडे तिवरांची हिरवी कड दिसत होती आणि खाडीचं पाणी मळकट, शांत होतं. छान होतं सगळं. अनुपमाला वाटलं, इथे आपण पाच वर्षांत एकदाही कशा आलो नाही? घरापासून वीस मिनिटं!

तेवढ्यात फोन वाजला. छापखान्यातला विद्याधर. रविवारची पाळी चालू होती, खोकल्याच्या औषधाचं लेबल मशीनवर चढत होतं आणि डोसाच्या ओळीबद्दल त्याला शंका होती. फोटो पाठवलाय, दोन मिनिटांत बघून सांग.

"दोन मिनिटं हं अबू," अनुपमा म्हणाली आणि फोटो मोठा करून वाचू लागली. उगाच नव्हतं ते. लहान मुलांचं औषध होतं, शंका खरी होती. एक स्वल्पविराम खरंच चुकीच्या जागी पडला होता. तिने तो सांगितला, दुरुस्त केलेला मजकूर पुन्हा मागवला, पुन्हा वाचला. मान वर केली तेव्हा बोट पलीकडे लागली होती.

"बगळा गेला," अबोली म्हणाली. "मी तुला सांगणार होते."

पलीकडच्या धक्क्यावर उतरल्यावर अबोली मार्गदर्शक झाली. आम्ही इथे पाणी पितो. आम्ही या बाकावर बसतो, भाऊंचा गुडघा दुखतो म्हणून. आम्ही त्या दुकानातून वडा नाही घेत, पुढच्या दुकानातून घेतो. आम्ही इथे थांबून बकऱ्या मोजतो. एकेक आम्ही अनुपमाच्या कानावर येत होता आणि ती हं, हं म्हणत होती. सातवा असेल की आठवा, तिचा तोल गेला.

"सारखं काय गं आम्ही आम्ही लावलंयस! मी इथे दिसत नाही का तुला?"

रस्त्यात एक बाई वळून बघायला लागली. अबोलीने आईकडे पाहिलं. ती घाबरली नव्हती, गोंधळली होती.

"पण तूच सांगितलंस ना," ती म्हणाली. "जो बाहेर असतो त्याच्याशी बोलताना आम्ही म्हणायचं."

अनुपमा तिथेच एका कट्ट्यावर बसली. स्वतःची अशी लाज तिला कधी वाटली नव्हती. पोरगी खरं बोलत होती, शुद्ध बोलत होती, वर आईने शिकवलेलंच बोलत होती. तिच्यावर ओरडून गोलाच्या आत कसं जाणार? आणि मावशींनी जे पाच वर्षं रविवार मोडून कमावलं, ते एका सकाळीत आपल्याला हवंय, हेही तिला त्या कट्ट्यावर बसूनच कळलं.

"सॉरी अबू," ती म्हणाली. "माझंच चुकलं. तू बरोबर आहेस."

"वडा खाऊया?" अबोली म्हणाली. मुलं अशा वेळी फार दयाळू असतात, किंवा त्यांना भूक लागलेली असते.

वडा खाल्ला. पुढच्या दुकानातलाच, चटणी वेगळी. खाता खाता अनुपमाने विचारलं, "तुम्ही इथून कुठे जात नाही?"

"म्हणजे?"

"म्हणजे अशी कुठली वाट आहे का, जिथे तुम्ही कधीच गेला नाहीत?"

अबोलीने विचार केला. मग तेलकट बोटाने डावीकडे दाखवलं. चर्चच्या पुढून एक अरुंद वाट चढत गेली होती. "तिकडे. चढ आहे ना, भाऊंना नाही जमत. तिकडे काय आहे ते आम्हाला माहीत नाही."

"मलापण माहीत नाही," अनुपमा म्हणाली. "चल."

वाट आधी चढली, मग भाजीच्या वाड्यांमधून खाली उतरत गेली. दुधीचे मांडव होते, एक विहीर होती. एक कुत्रं आडवं झोपलं होतं, तिथे अनुपमाने न बोलता मुलीचा हात धरला आणि अबोलीनेही न बोलता धरू दिला. कुत्र्याने डोळासुद्धा उघडला नाही, पण हात पुढे बराच वेळ तसाच राहिला. वाट दोनदा फुटली. दोन्ही वेळा अनुपमाने विचारलं, "कुठे?" आणि अबोलीने दाखवलं तिकडे दोघी गेल्या. आणि मग वाट संपली. म्हणजे वाट जिथे असायला हवी होती तिथे तिवरं होती आणि त्यांच्याआधी वरून सुकल्यासारखा दिसणारा काळा चिखल.

"सुकलाय," अनुपमा म्हणाली आणि पाऊल टाकलं.

घोट्याच्या वरपर्यंत पाय आत गेला. ओढायला गेली तर पाय आला, सँडल आली नाही. ती काढायला वाकली तर दुसराही पाय गेला. "थांब, मी ओढते," म्हणत अबोली पुढे झाली आणि तिचाही एक बूट गेला. दोघी एकमेकींना धरून चिखलात उभ्या.

"आई," अबोली म्हणाली, "आपली वाट लागली!"

एरवी अनुपमा असल्या बोलण्यावर तिला अडवायची. हे कुठून शिकलीस, असं बोलतात का? आता तिला एवढं हसू आलं की तोल जाऊन ती खाली बसली, नव्या ड्रेससकट. आपली. माझी नाही, तुझी नाही. आपली वाट लागली होती, भर सकाळी, दोघींची मिळून.

तेव्हाच पर्समध्ये फोन वाजला. अनुपमाचे हात कोपरापर्यंत काळे. अबोलीने एका स्वच्छ बोटाने फोन उचलला. "विद्याधरकाका, आई चिखलात बसलीये. लेबल बघितलंय तिने. हो, स्वल्पविराम काढला की झालं. बाय." फोन ठेवून ती म्हणाली, "मी ऐकत होते मघाशी."

बूट सापडला. एक सँडल सापडली, पट्टा तुटलेली. दुसरी गोराईलाच राहिली. वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईने दोघींना विहिरीवर बोलावून पायांवर पाणी घातलं, हसून हसून तिचे डोळे भरले होते. तिच्याच अंगणातून त्यांनी धक्क्याचा रस्ता धरला, अबोली बूट हातात घेऊन आणि अनुपमा अनवाणी. समोर बोट सुटताना दिसत होती. सवयीने अनुपमाने धावायला पाय उचलला, आणि मग ठेवला.

"पुढची येईल," ती म्हणाली.

"आपण नाही धावायचं?" अबोलीला खरं वाटेना.

"नाही."

मग धक्क्यावर बसून दोघींनी बगळे मोजले. अकरा झाले. एक उडून परत आला होता की नवीन होता, यावर भांडण झालं आणि मिटलं.

घरी पोचेपर्यंत दीड वाजला. समोरचं दार उघडंच होतं. मावशींनी पानं घ्यायची थांबवली होती. त्या दारातच उभ्या होत्या, बहुतेक बराच वेळ. "इलंस गो? बोट चुकली की काय? आणि हे पाय असे काय?"

मावशी आमटी ढवळायला आत वळल्या, आणि त्यांच्या मागोमाग अबोली आत घुसून सुरू झाली. "मावशी, आम्ही हरवलो! आम्ही त्या डावीकडच्या वाटेने गेलो ना, चर्चच्या पुढच्या, आणि आम्ही चिखलात रुतलो, इथपर्यंत! आमची सँडल गेली. मग आम्ही बोट सोडली, मुद्दाम, आणि आम्ही बगळे मोजले..."

अनुपमा दारातच थांबली. आम्ही. सबंध सकाळभर तो शब्द तिला टोचत होता, आणि आता त्याच शब्दात ती होती. आत, मुलीच्या शेजारी, चिखलाच्या पायांनी. व्याकरणात काडीची चूक नव्हती. तिला वाटलं, मुलीला तिथेच उचलून घ्यावं, नऊ वर्षांची झाली तरी.

मग तिचं लक्ष मावशींकडे गेलं. मावशी हसतच होत्या. पण हातातली डाव आमटीच्या पातेल्यावर तशीच थांबली होती. "होय?" त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघी गेलात त्या वाटेने?" आणि आत भाऊंना हाक दिली. "ऐकलंत? ती वाट आमका म्हायतच नाय."

कुठे लागलं ते अनुपमाला नेमकं ठाऊक होतं. कालपासून तिलाही तिथेच लागत होतं.

"मावशी," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी आपण जाऊ तिकडे."

अबोली बोलायची थांबली. आईकडे बघून तिने विचारलं, "आपण म्हणजे कोण कोण?"

"तूच सांग. चाचणी तुझी आहे."

अबोलीने मावशींकडे पाहिलं, आतून गुडघा धरत येणाऱ्या भाऊंकडे पाहिलं, आईच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"माका नाय जमूचा गो तो चढ," भाऊ म्हणाले.

"जमेल," अबोली म्हणाली. "आपण हळू चालतो."

मावशींनी डाव पातेल्यात घातली आणि चौथं पान घेतलं.